कंपनीच्या वतीने

एका कंपनीसाठी मी काही वर्षे यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहून देत असे. काम नेमके होते, माणसे सभ्य होती आणि पैसे थोडे उशिरा का होईना, पण मिळत. पुढे हा उशीर वाढत गेला, दूरध्वनीवरचे आवाज बदलले आणि एके दिवशी एका अनोळखी कार्यालयाचे पत्र आले. कंपनी गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे, आपला दावा विनातारण धनको, म्हणजे तारण न घेता उधारी देणारी व्यक्ती, म्हणून नोंदवून घेतला आहे, मालमत्तेच्या विक्रीतून काही शिल्लक राहिल्यास तिचे प्रमाणशीर वाटप केले जाईल, एवढाच मजकूर होता. त्यानंतर बऱ्याच काळाने कंपनीचे संचालक मला एका समारंभात भेटले. त्यांनीच मला ओळखले, बाजूला घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तुमचे पैसे राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण ते देणे माझे नव्हते हो, कंपनीचे होते.” बोलण्यात उद्दामपणा नव्हता. चेहरा ओढलेला होता आणि हात हातात धरलेल्या कागदी पिशवीशी उगाचच चाळा करत होते. ते जे म्हणाले, ते कायद्याच्या दृष्टीने अक्षर न अक्षर खरे होते.

घरी आल्यावर मी जुनी फाइल काढली. कामाच्या प्रत्येक आदेशाखाली त्यांची ती उजवीकडे झुकलेली निळी सही होती आणि सहीच्या खाली बारीक टाइपात ‘कंपनीकरिता व कंपनीच्या वतीने’ असे छापलेले होते. राहिलेल्या रकमेने माझे काही अडले नव्हते. खुपत होते ते वेगळेच. मसुद्यावरच्या दुरुस्त्या त्यांच्या हातच्या होत्या, रात्री उशिरा शंका विचारणारा आवाज त्यांचा होता, ‘हे काम तुम्हीच करा’ हा आग्रह त्यांचा होता. मी एका माणसाबरोबर काम केले, अशी माझी समजूत होती. कायदा मात्र सांगत होता की माझा व्यवहार त्या माणसाशी झालाच नाही; तो झाला एका अशा व्यक्तीशी, जिला चेहरा नाही, आवाज नाही आणि आता जी अस्तित्वातही राहणार नाही.

ही व्यक्ती आली कोठून, या प्रश्नामागे मी बरेच दिवस गेले. कंपनी कायद्याच्या कोणत्याही वर्गात ज्याची गाठ पहिल्यांदा पडते, तो अॅरन सॉलोमन मला तेव्हा नीट भेटला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात त्याचा बूट तयार करण्याचा चांगला चाललेला धंदा होता. १८९२ मध्ये त्याने त्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात सभासद हवे होते. ते झाले तो स्वतः, पत्नी, मुलगी आणि चार मुलगे. घरच्या सहा जणांकडे प्रत्येकी एक भाग (शेअर), बाकी सारे भाग त्याचे. धंदा कंपनीला विकल्याच्या किमतीपैकी दहा हजार पौंडांचे कर्जरोखे त्याने स्वतःच्या नावे घेतले आणि त्यांच्यासाठी कंपनीची सारी मालमत्ता तारण राहिली. म्हणजे तोच मालक आणि तोच आपल्या कंपनीचा सर्वांत सुरक्षित सावकार. त्यानंतर बूट कामगारांचे संप झाले, सरकारी मागणी इतर उत्पादकांत विभागली गेली आणि कंपनी लवकरच बुडाली. धंदा वाचवण्यासाठी सॉलोमनने आपले कर्जरोखे गहाण टाकून बाहेरून पैसा उभा केला होता. त्या सावकाराचे फेडून जे उरले, ते सॉलोमनला मिळावे की कंपनीला उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यांना, असा प्रश्न उभा राहिला. खालच्या न्यायालयांना हा सारा प्रकार सॉलोमननेच घेतलेल्या वेषांतरासारखा वाटला आणि त्यांनी निकाल त्याच्याविरुद्ध दिला. तोवर तो इतका खंक झाला होता की हाउस ऑफ लॉर्ड्समधील, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयातील, अपील त्याला निर्धन पक्षकार म्हणून चालवावे लागले. नोव्हेंबर १८९६ मध्ये तेथील न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने सात सभासद मागितले आहेत. त्यांचे आपसांत नाते काय आणि कोणाकडे किती भाग, हे विचारलेले नाही. नोंदणी झाली की कंपनी ही तिच्या सभासदांहून निराळी व्यक्ती होते. जगातल्या पुष्कळ देशांचा कंपनी कायदा आजही या निकालाचा आधार घेऊन उभा आहे.

निकालपत्र वाचताना मी एका परिच्छेदापाशी थांबले. लॉर्ड मॅकनॉटन सॉलोमनच्या बाजूनेच निर्णय देतात, आणि त्याच ओघात लिहितात की साध्या व्यापारी धनकोंना त्यांच्या अलीकडच्या येण्यापुरता तरी अग्रहक्क असावा, असे आपल्याला फार दिवसांपासून वाटत आले आहे. पण आजचा कायदा तसा नाही. कंपनी गुंडाळली की कर्जरोखेधारक पुढे होतात आणि सारे झाडून नेतात, हे सर्वांना ठाऊक आहे आणि ही मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे, असेही ते स्पष्ट म्हणतात. कंपनी आणि तिचे मालक यांच्यामधली भिंत ज्या न्यायाधीशाने भक्कम केली, त्यालाच भिंतीबाहेर उभी असलेली माणसे दिसत होती. लगोलग १८९७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून कामगारांच्या ठरावीक काळाच्या वेतनाला अशा तरंगत्या तारणाच्या, म्हणजे कंपनीच्या साऱ्या बदलत्या मालमत्तेवर चढवलेल्या तारणाच्या, पुढचे स्थान दिले. उधारीवर कातडे पुरवणाऱ्यांना मात्र ते मिळाले नाही.

ही भिंत मालकाच्याच सोयीसाठी बांधली आहे, असे मी रागाच्या भरात म्हणू शकले असते. पण तिचा इतिहास तसे म्हणू देत नाही. उत्तर आयर्लंडमधील मॅकॉरा नावाच्या जमीनदाराने आपले लाकूड कंपनीला विकले. कंपनीचे जवळजवळ सारे भाग त्याचेच; म्हणून त्याने त्या लाकडाचा विमा आपल्याच नावाने ठेवला. आग लागली, लाकूड जळाले आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की लाकूड कंपनीचे होते, तुमचे नव्हते. विम्याची रक्कम मिळणार नाही. याच्या उलट न्यूझीलंडमधील ली यांची गोष्ट. शेतांवर विमानातून खत टाकण्याचा त्यांचा व्यवसाय होता. कंपनी त्यांची, संचालक तेच आणि पगारी वैमानिकही तेच. १९५६ मध्ये विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. स्वतःच्या मालकीच्या कंपनीत माणूस नोकर कसा असू शकेल, हा आक्षेप प्रिव्ही कौन्सिलने (न्यूझीलंडसाठी तेव्हाचे लंडनमधील अंतिम अपील न्यायालय) फेटाळला आणि त्यांच्या पत्नीला कामगाराची विधवा म्हणून नुकसानभरपाई मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. जे तत्त्व माझ्या आड आले, त्याच तत्त्वाने एका विधवेला आधार दिला होता. हे वाचल्यावर माझ्या रागाला नीट बसायला जागा उरली नाही.

राग आणखी कमी झाला तो ग्लासगोमुळे.

सिटी ऑफ ग्लासगो बँक ऑक्टोबर १८७८ मध्ये बंद पडली. संचालकांनी वर्षानुवर्षे खोटे ताळेबंद मांडले होते, बुडीत कर्जे दडवली होती आणि तिजोरीतले सोने फुगवून दाखवले होते. बँक अमर्याद दायित्वाची होती. म्हणजे देणी भागेपर्यंत प्रत्येक भागधारकाने घरातले शेवटचे भांडे विकून भर घालायची. अवसायकांनी, म्हणजे बँक गुंडाळण्याचे काम पाहणाऱ्यांनी, आधी दर शंभर पौंडांच्या भागामागे पाचशे पौंड मागितले आणि त्यानंतर आणखी सव्वादोन हजार. भागधारकांत पेन्शनीवर जगणारे, अविवाहित स्त्रिया, विधवा, धर्मोपदेशक, छोटे व्यापारी होते. बहुतेकांचे दिवाळे निघाले. जे केवळ विश्वस्त म्हणून दुसऱ्याचे भाग सांभाळत होते, त्यांनाही न्यायालयाने स्वतःच्या खिशातून भरायला लावले. संचालकांना काही महिन्यांचा तुरुंगवास झाला. ज्यांनी कधी बँकेच्या वह्या पाहिल्या नव्हत्या, ज्यांना त्या दाखवल्याही गेल्या नसत्या, त्यांनी उरलेले आयुष्य कर्ज फेडण्यात घालवले. आपल्या बचतीचा एक लहान हिस्सा दुसऱ्याच्या उद्योगात घालणाऱ्या माणसाने त्या हिश्शापलीकडचे काही गमावू नये, ही अपेक्षा मला ग्लासगो वाचल्यानंतर मुळीच लबाडीची वाटत नाही. रेल्वे, कालवे, कारखाने, औषधे यांतले काहीही हजारो अनोळखी माणसांच्या अशा छोट्या हिश्शांखेरीज उभे राहिले नसते.

तरीही ही मर्यादा कोणाला जन्मतः मिळालेली नाही, हे विसरून चालत नाही. दोन माणसे आपसांत करार करून फार तर नफा-तोटा वाटून घेऊ शकतात. ज्यांच्याशी त्यांचा कधी करार झालाच नाही, त्या साऱ्या जगावर आपल्या दायित्वाची मर्यादा ती लादू शकत नाहीत. ते फक्त कायदा करू शकतो. इंग्लंडमध्ये पूर्वी त्यासाठी राजाची सनद किंवा संसदेचा खास कायदा लागे. साउथ सी कंपनीचा फुगा फुटला त्याच १७२० या वर्षी संसदेने सनदेविना भागभांडवली कंपन्या काढण्यावर बंदीच घातली होती आणि ती १८२५ पर्यंत टिकली. १८४४ च्या कायद्याने साध्या नोंदणीने कंपनी काढता येऊ लागली, १८५५ मध्ये मर्यादित दायित्व मिळाले आणि पुढच्याच वर्षी सात सह्यांचे घटनापत्रक पुरेसे ठरले. सवलत जसजशी स्वस्त झाली, तसतशा तिच्या सोबत अटी आल्या. नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ लावा, म्हणजे उधारी देणारा सावध राहील. संचालक कोण, भाग किती, कार्यालय कोठे, हे निबंधकाकडे नोंदवा आणि ते कोणालाही पाहता येईल असे ठेवा. मालमत्तेवर तारण चढवले तर तेही नोंदवा. हिशेब त्रयस्थ माणसाकडून तपासून घ्या. ही शेवटची अट इंग्लंडमध्ये सर्व कंपन्यांना १९०० साली सक्तीची झाली, पण बँकांना ती १८७९ मध्येच लागू झाली होती आणि त्यामागे ग्लासगो होते.

सरकार कंपन्यांच्या कारभारात ढवळाढवळ करते, अशी तक्रार मी अनेकदा ऐकते. ही तक्रार करणारे असे गृहीत धरतात की कंपनी आधी होती आणि सरकार नंतर आले. मला क्रम उलटा दिसतो. कंपनीचा जन्मच सरकारी नोंदवहीत होतो. तिचे वेगळेपण, तिचे सभासद मेले तरी तिचे चालू राहणे, तिच्या मालकांच्या घरांना धनकोंपासून मिळालेले संरक्षण, हे सारे लोकांनी आपल्या कायद्यातून तिला दिलेले आहे. मग त्याच लोकांनी हिशेब मागणे, धोक्याच्या वस्तूंवर परवान्याची अट घालणे, बाजार एकट्याने गिळण्यास मनाई करणे, यात आगंतुकपणा कोणता? हा सौदा आहे आणि त्याची एक बाजू वापरून झाल्यावर दुसरी बाजू नाकारता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तोटा मर्यादित केला, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कोणीतरी सोसतो.

कोण सोसतो, याचे उत्तर सर्वांसाठी सारखे नसते. हे मला त्या संचालकांच्याच बाबतीत उमगले. त्यांच्या कंपनीला कर्ज देताना बँकेने त्यांची वैयक्तिक हमी घेतली होती आणि घर गहाण ठेवून घेतले होते, असे नंतर कळले. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत ही अगदी सर्रास चालणारी रीत आहे. बँकेपुरते ते देणे कंपनीचेही होते आणि त्यांचेही. ज्याच्याकडे वकील आहे, वेळ आहे आणि नाही म्हणण्याची ताकद आहे, त्याच्यासाठी ती प्रसिद्ध भिंत पहिल्याच दिवशी एका सहीने बाजूला सारली जाते. मोठा पुरवठादार आगाऊ रक्कम मागतो, घरमालक अनामत घेतो. माझ्यासारखी लिहून देणारी व्यक्ती, सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार किंवा महिनाअखेरीस पगाराची वाट पाहणारा कामगार यांतले काहीच करत नाही. कारण तशी अट घातली तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही आमच्यात आणि कंपनीत निदान करार तरी होता. आम्ही तिला निवडले होते.

ज्यांनी कधीच निवडले नव्हते, त्यांचे काय? १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझली या गावी मे डोनह्यू हिला मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती. उरलेले पेय ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे तिचे म्हणणे होते. पैसे मैत्रिणीने दिले होते, तेही दुकानदाराला. बाटली भरणाऱ्या उत्पादकाशी तिचा कसलाही करार नव्हता. त्या काळच्या कायद्याने ती जवळजवळ रिकाम्या हाती परतली असती. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की आपल्या कृतीची झळ ज्यांना बसू शकते, त्यांच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य करार नसतानाही असते. ग्राहक म्हणून आज आपण जे गृहीत धरतो, त्यातले बरेचसे या एका बाटलीपाशी येऊन मिळते.

पण न्यायालय नेहमी घटना घडून गेल्यावर येते. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका औषध कंपनीने सल्फानिलामाइड हे जिवाणूंवरचे चांगले औषध पातळ रूपात बाजारात आणले. विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले. चव तपासली, रंग तपासला, वास तपासला. ते विषारी आहे का, हे तपासले नाही, कारण तपासायला सांगणारा कायदाच नव्हता. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत कितीतरी लहान मुले होती. सरकारी निरीक्षक गावोगाव फिरून, डॉक्टरांच्या नोंदी आणि दुकानांच्या वह्या चाळून बाटल्या गोळा करत राहिले. आणि ते कोणत्या अधिकाराखाली? ‘एलिक्सिर’ नावाच्या औषधात मद्यार्क असायला हवा, तो यात नाही, म्हणून लेबल चुकीचे आहे, एवढ्या एका कलमाखाली. माणसे मारल्याबद्दल नव्हे. आमच्याकडून काही जबाबदारी चुकली असे वाटत नाही, असे कंपनीच्या मालकाने जाहीरपणे सांगितले. ते मिश्रण तयार करणाऱ्या रसायनतज्ज्ञाने आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध विक्रीला आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारला देण्याची सक्ती झाली. या गोष्टीतले दोघे माझ्या मनातून जात नाहीत: मालक, ज्याला कंपनीच्या आणि स्वतःच्या जबाबदारीत कायद्याने आखलेली रेषा पुरेशी वाटली, आणि तो रसायनतज्ज्ञ, ज्याला ती वाटली नाही.

आपल्याला ही रेषा दुसऱ्याच्या देशात शोधायला जावे लागत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू पसरला, तो ज्या कारखान्यातून आला, त्याची मालकी एका भारतीय कंपनीकडे होती आणि त्या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइडकडे होते. कारखाना आमचा नव्हे, तो स्वतंत्र कंपनीचा, हा मूळ कंपनीचा युक्तिवाद म्हणजे सॉलोमनचेच तत्त्व, फक्त बुटांच्या कारखान्याहून अतिशय भयानक जागी वापरलेले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली; ती वाढवून मिळावी म्हणून केंद्र सरकारने केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. १९८९ ते २०२३ या काळात ज्यांचे डोळे आणि फुप्फुसे गेली, त्यांच्या दारी कंपन्यांची नावे आणि मालक बदलत राहिले. दिल्लीतील ओलियम गळतीच्या खटल्यात मात्र सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये एक निराळे पाऊल टाकले: धोकादायक उद्योग करणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली, तरी अपघाताचे दायित्व त्याचेच आणि त्याला कोणताही अपवाद नाही. आपल्या कायद्यातील हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. ते भिंत पाडत नाही. पण भिंतीच्या आत राहून जे करायचे, त्याची पूर्ण किंमत मोजायला लावते. मूळ कंपनीपर्यंत पोहोचण्याची वाटही हळूहळू रुंदावते आहे. झांबियातील तांब्याच्या खाणीजवळच्या गावकऱ्यांना खाणकंपनीसोबत तिच्या लंडनमधील मूळ कंपनीवरही इंग्लंडमध्ये खटला चालवता येईल, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. उपकंपनीच्या कारभारात मूळ कंपनीने प्रत्यक्ष किती लक्ष घातले, हे पाहायला हवे, असे त्या न्यायालयाने म्हटले.

कायदा कधी कधी कंपनीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे नावही विचारतो. जॉन पार्क हे अमेरिकेतील एका मोठ्या किराणा साखळीचे अध्यक्ष होते. हजारो नोकर, शेकडो दुकाने, अनेक गोदामे. बाल्टिमोरच्या गोदामात उंदीर झाल्याचे सरकारने त्यांना कळवले, त्यांनी ते काम हाताखालच्या माणसांवर सोपवले आणि पुढच्या तपासणीतही उंदीर सापडले. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम ठेवली: ज्याच्या हाती हे थांबवण्याचा अधिकार होता, त्याला ‘मी सांगितले होते’ एवढे म्हणून सुटता येणार नाही. दंड होता एकूण अडीचशे डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण ती कंपनीच्या नव्हे तर एका माणसाच्या नावावर लिहिली गेली, यातच त्या निकालाचे बळ आहे. एन्रॉन ही खोटे हिशेब दाखवणारी बडी अमेरिकी कंपनी बुडाल्यानंतर २००२ मध्ये आलेल्या अमेरिकी कायद्याने याच्याही पुढे जाऊन मुख्य अधिकारी आणि वित्त अधिकारी यांना हिशेबांच्या खरेपणाबद्दल स्वतःच्या सहीने ग्वाही द्यायला लावले. जाणूनबुजून खोटी ग्वाही दिली तर वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास. कंपनीच्या वतीने केलेली सही आणि स्वतःच्या जोखमीवर केलेली सही, यांतले अंतर त्या कलमाने कमी केले.

एवढे सारे पटूनही त्या संचालकांच्या खोलीतले एक कपाट मला आठवते. त्यात विवरणपत्रांच्या, परवान्यांच्या, नूतनीकरणांच्या, तपासणी अहवालांच्या फायली दाटीने उभ्या असत आणि प्रत्येकीवर मुदतीची तारीख लाल शाईने लिहिलेली असे. संध्याकाळी इतर निघून गेल्यावर ते एकटेच त्या फायली चाळत बसत. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्या कंपनीत तेच काम मालकाच्या झोपेतून वजा होते. नियम सर्वांना सारखा लावला म्हणजे त्याचे ओझे सारखे होते, असे नाही. त्यातही जो फॉर्म कोणी वाचत नाही, तो भरून घेणे आणि ज्या यंत्राने हात तुटू शकतो, त्याची तपासणी करणे, या दोन्हींना ‘नियमन’ हे एकच नाव दिल्याने पहिल्याची चीड दुसऱ्यावर निघते. न वाचले जाणारे फॉर्म रद्द व्हावेत, असे मला अगदी मनापासून वाटते. कुलूपबंद दरवाजांची तपासणी मात्र राहावी. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ जण गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या आणि बाहेर पडण्याच्या एका दरवाजाला कुलूप होते. मालक निर्दोष सुटले. त्या आगीनंतर तेथे कामगारांच्या सुरक्षिततेचे जे कायदे झाले, त्यांतला एकही कायदा मला ओझे वाटत नाही.

कंपनी मरताना काय होते, याकडे मी आता अधिक लक्ष देऊन पाहते. कारण तोट्याची वाटणी खरी तेव्हाच होते आणि रांगेत कोण कोणाच्या पुढे, हे ठरवणे हा पूर्णपणे समाजाचा निर्णय असतो. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रेडवॉटर नावाची एक लहान तेलकंपनी २०१५ मध्ये बुडाली. तिच्या काही विहिरींतून तेल व वायू निघत होता. बाकीच्या संपलेल्या होत्या आणि त्या बुजवून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून अधिक होता. दिवाळखोरीचे काम पाहणाऱ्यांनी चांगल्या विहिरी विकून बँकेचे कर्ज फेडायचे आणि वाईट विहिरी सोडून द्यायच्या, असे ठरवले. त्या विहिरी होत्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर. तेलाचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेने हरकत घेतली. ३१ जानेवारी २०१९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की विहिरी बुजवण्याचे काम हे रांगेत उभे राहून मागायचे कर्ज नाही. ते सार्वजनिक कर्तव्य आहे आणि दिवाळे निघाले म्हणून ते संपत नाही. मालमत्तेच्या पैशातून आधी ते पार पाडायचे, मग उरले तर धनकोंना द्यायचे. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांना यात सावकारांचा हिशेब बिघडण्याची चिंता वाटली, आणि ती चिंता खोटी नाही. अशा कंपन्यांना कर्ज महाग मिळेल. मला ते मान्य आहे. कर्ज देण्यापूर्वी किती विहिरी बुजवायच्या राहिल्या आहेत, हे विचारणे बँकेला शक्य होते, नकाशे आणि नोंदी तिच्यासमोर उघड्या होत्या आणि उत्तर न पटल्यास कर्ज नाकारण्याचा अधिकारही तिला होता. ज्याच्या शेतात ती विहीर खणली गेली, त्या शेतकऱ्याजवळ यातले काहीच नव्हते.